सात नंबरची चौथी फेरी

शनिवारी दुपारी मी घरी पोचले तेव्हा बाबा ओसरीवर बसून क्लॅरिनेटची पत्ती तासत होते. खाली काचेचा तुकडा, हातात दाढीचं जुनं पातं, चष्मा नाकाच्या टोकावर. दोन बोटांएवढी ती वेताची पत्ती ते उजेडाकडे धरून बघत, पुन्हा काचेवर ठेवत आणि श्वास रोखून एकदाच खरवडत.

"इलंस?" मान वर न करता त्यांनी विचारलं. "वायच बाजूक हो. उजेड अडता."

मी बाजूला झाले. आतून आई म्हणाली, "ती पत्ती तासूक जेवडो येळ घालवतत, तेच्या अर्दो माझ्या विळयेक धार लावूक घालवल्यानी असतो, तर माझी बोटा तरी शाबूत ऱ्हवली असती."

"विळयेत्सून सूर येतत काय?"

"माझ्या तोंडात्सून येतत मा, ते आयका."

बाबा हसले. मीही हसले. पेडण्याला मी एका शाळेत मराठी शिकवत असे आणि तिथंच खोली घेऊन राहत असे. शनिवारची सकाळची शाळा आटोपून म्हापशामार्गे डिचोलीला यायला अडीच-तीन तास लागत. घरी आल्यावर पहिला अर्धा तास हे असं काहीतरी ऐकायला मिळे आणि मग प्रवासाचा शीण जाई. त्या दिवशीही तो गेला. डिसेंबरचा पहिला शनिवार होता. गोवा राज्य होऊन सहा महिने झाले होते.

ओसरीच्या कठड्यावर कागदाच्या पुडीत खाजें होतं, गुळात घोळलेल्या बेसनाच्या काड्या. जुन्या गोव्याच्या फेस्ताहून, चर्चच्या जत्रेहून, आगुश्तीनबाबांनी आणलेलं.

"मेस्त सकाळीच येवन गेलो," बाबा म्हणाले. आगुश्तीनबाबांना सगळे मेस्त म्हणत, म्हणजे वाजवण्यातले मास्तर. "उद्या सात नंबर शेवटाक घेवया म्हणता."

सात नंबर म्हणजे आगुश्तीनबाबांच्या वहीतली सातवी चीज. गाण्यांची इंग्रजी नावं मंडळात कुणालाच नीट म्हणता येत नसत, म्हणून सगळे नंबरानंच बोलत. आगुश्तीनबाब तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतल्या बॅंडमध्ये कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रंपेट, वाजवायचे. हॉटेलांतले बॅंड बंद पडले तसे ते एक पेटी, एक वही आणि जुन्या तबकड्यांचा गठ्ठा घेऊन डिचोलीला परत आले. एकदा बाजारातून लग्नाची वरात चालली होती. सावंतवाडीहून आलेल्या त्या बॅंडमध्ये बाबा क्लॅरिनेट वाजवत होते. आठवडाभर खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर आणि लग्नसराईत बॅंडवाले, असं त्यांचं तेव्हा होतं. आगुश्तीनबाब वरातीबरोबर शेवटपर्यंत चालत गेले आणि नवरदेव उतरल्यावर बाबांचा हात धरून म्हणाले, "तूं वाजयता तें जॅझूच. पूण तुका खबर ना."

बाबांना खरोखरच ठाऊक नव्हतं. तबकड्या ऐकल्यावर पटलं. पहिल्या काळातलं ते जॅझ. त्यात कॉर्नेट मूळ चाल सांगतो, ट्रॉम्बोन खालून आधार देतो आणि क्लॅरिनेट वरून दोघांच्या मधून धावत राहतो. तिघं एकाच वेळी बोलतात आणि तरीही गोंधळ होत नाही. "वरातीत आमी ह्याच करी होतो," बाबा म्हणायचे, "फकत घोडो मधी असायचो."

मग मंडळ झालं. ट्रॉम्बोनवर पंचायतीतले कृष्णनाथ. बॅंजोवर दादू शिंपी, आणि बॅंजो म्हणजे बटणं दाबायची ती पेटी नव्हे, गोल पोटाचा, तारांचा. ड्रमवर बेळगावकडून तुयेच्या कारखान्यात कामाला आलेला सतीश. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम. रविवारी खाणीचे ट्रक बंद, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवता येत. कार्यक्रमाला चाळीस-पन्नास माणसं येत. त्यांतली निम्मी पहिल्यांदा चहा आणि पावभाजीसाठी आली होती आणि मग येत राहिली.

भाषेचं आंदोलन पेटलं त्या वर्षी बाबा मराठीच्या सभेला जायचे आणि आगुश्तीनबाब कोंकणीच्या. पाटीवर 'जुने जॅझ' लिहायचं की 'पोरनें जॅझ', यावरून दोघं आठ दिवस बोलले नाहीत. शेवटी दादूनं तो शब्दच पाटीवरून खरवडून टाकला. उरलं ते 'डिचोली जॅझ मंडळ', आणि ते दोन्ही भाषांत तेच होतं. तेव्हापासून आगुश्तीनबाब कोंकणीतून चीज सांगत आणि बाबा मराठीतून ती पुन्हा सांगत. कधी कधी दोघांचं सांगणं चिजेपेक्षा लांबे.

संध्याकाळी पदेर आला. बाबांनी पाव घेतले, चहा झाला. मग आई विहिरीवर गेली तेव्हा त्यांनी ती गोष्ट काढली.

"उद्या येतलंस मा?"

"येतलंय."

"मधीच उठतलंस नाय मा?"

ऑगस्टची गोष्ट आमच्यात होती. मे महिन्यात बाबांच्या छातीत दुखलं होतं. म्हापशाच्या डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून फुंकणं बंद करायला सांगितलं. बाबांनी त्यांच्याशी भाव करावा तसं बोलून 'बंद'वरून 'कमी'वर आणलं. आणि 'कमी' म्हणजे काय, ते बाबा आणि आगुश्तीनबाब यांनी आपसांत ठरवलं. चाल एकदा पुरी वाजवली की ती एक फेरी. बाबा पहिली आणि दुसरी वाजवणार, तिसरीला थांबणार, चौथी वाजवणार, पाचवीला थांबणार, सहावीला सगळे मिळून शेवट. बाबा थांबतील तेव्हा आगुश्तीनबाब त्यांची वरची जागाही भरून काढणार. आगुश्तीनबाबांचा जुना नियमच होता: "कदेल रितें दिसलें तरी चलता. जागो रितो आयकूंक येवंक फावना." खुर्ची रिकामी दिसली तर दिसो, जागा रिकामी ऐकू येता कामा नये. आणि दुसरा नियम असा की कोणी थांबलं तर मागे वळून बघायचं नाही. वळून बघितलं की लोकांना कळतं, थांबणाऱ्याला लाज वाटते.

ऑगस्टच्या कार्यक्रमात बाबा पाचव्या फेरीला थांबले आणि त्यांनी डोळे मिटले. मी घाबरले. पाण्याचा तांब्या घेऊन सरळ स्टेजवर गेले. वाजवणं तुटलं. बाबांनी डोळे उघडले. मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तरीणबाईंची मधली सुट्टी झाली वाटतं," आणि सगळे हसले. बाबांना काहीही झालं नव्हतं. त्यानंतर दोन शनिवार ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या शनिवारी एवढंच म्हणाले, "चार लोकांत माका म्हातारो केलंस."

म्हणून आता ते विचारत होते.

"सांग मा. उठतलंस नाय मा?"

"नाय उठूचंय," मी म्हटलं.

"काय झाला तरी?"

"काय झाला तरी."

"बरा," ते म्हणाले आणि पत्ती ओठांत ओली करून क्लॅरिनेटला बसवायला लागले. मग खाज्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. तो दिवस इतकाच होता. त्यात आणखी काही होतं का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. नव्हतं.

रविवारी आम्ही साडेतीनलाच हॉलवर गेलो. आई कधीच येत नसे. चाळीस माणसांत बसून नवऱ्याला फुंकताना काय बघायचं, असं तिचं म्हणणं. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मी तिसऱ्या रांगेत, खिडकीकडच्या टोकाला बसले.

बसायची रीत नेहमीची होती. आगुश्तीनबाब अगदी पुढे उभे, लोकांकडे तोंड करून. त्यांच्या मागे डावीकडे बाबा खुर्चीत. मेपासून ते बसूनच वाजवत. उजवीकडे कृष्णनाथ, वाजवताना डोळे मिटून घेणारे. दादूची नजर आपल्या बोटांवर. सतीश सगळ्यांच्या मागे, त्याला बाबांची फक्त पाठ दिसे. हे सगळं मी नंतर कित्येकदा मनात मांडलं आहे. बाकीच्या चौघांतल्या कुणाला बाबांचा चेहरा दिसणं शक्यच नव्हतं. दिसत होता तो लोकांना. आणि लोकांना सहा महिन्यांत सवय झाली होती: भिकाजी परब अधूनमधून थांबतात, विसावा घेतात, पुन्हा वाजवतात.

पाच चिजा झाल्या. बाबा छान वाजवत होते. मध्ये एकदा आगुश्तीनबाबांनी कोंकणीतून लांबलचक काहीतरी सांगितलं, तेव्हा बाबा मराठीतून म्हणाले, "थोडक्यात, ही चीज संथ आहे," आणि हॉल हसला.

मग सात नंबर. तीही संथच. एक फेरी साधारण एका मिनिटाची. पहिल्या दोन फेऱ्या सगळे. तिसरीला बाबा थांबले, ठरल्याप्रमाणे. थांबले की ते क्लॅरिनेट उजव्या मांडीवर उभं धरत आणि अंगठा त्याच्या तोंडावर ठेवत, पत्ती सुकू नये म्हणून. लग्नाच्या बॅंडमधली त्यांची सवय होती: वाद्य जमिनीला लागू द्यायचं नाही. पावसात, चिखलात, वरात थांबून फटाके उडत असताना, कधीच नाही. लहानपणी मी एकदा क्लॅरिनेट जमिनीवर ठेवलं होतं तर माझ्या हातावर फटका बसला होता. बाबांनी मला मारलं ते तेवढंच.

चौथ्या फेरीला ते पुन्हा वाजवायला लागले. अर्धी फेरी झाली. एक लांब सूर ते घेत होते, तो मध्येच बारीक झाला आणि थांबला. हात खाली आला. क्लॅरिनेट मांडीवर उभं राहिलं नाही. ते तिरकं झालं, घसरलं आणि त्याचं खालचं तोंड फळीवर टेकलं. बाबांची हनुवटी शर्टाच्या गुंडीशी आली.

मला कळलं. शंका आली असं मी म्हणणार नाही. कळलं.

आगुश्तीनबाबांनाही क्लॅरिनेट थांबल्याचं ऐकू आलं. भिकाजी आज लवकर थांबला, दमला असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी नियमाप्रमाणे केलं. वळले नाहीत. कॉर्नेट वर उचललं आणि बाबांची जागा स्वतः घेतली. चौथीची उरलेली अर्धी, पाचवी, आणि सहावी. सहावीला बाबा आले नाहीत तरीही ते वळले नाहीत. वरची चाल आणि मूळ चाल दोन्ही एकटे सांगत राहिले. पासष्ट वर्षांचा माणूस. मी त्यांना इतकं सुंदर वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. कृष्णनाथांचे डोळे मिटलेले होते.

आणि मी बसून होते. गुडघ्यांवर हात ठेवून. मनात एकच वाक्य होतं, काय झाला तरी. समोरचं क्लॅरिनेट जमिनीला टेकलेलं मी बघत होते, आणि उठायचं तर उजवा पाय आधी टाकावा लागेल, मग शेजारच्या बाईंना सरकायला सांगावं लागेल, असंही मनात येत होतं. चीज संपली की उठू, असं मी ठरवलं. अडीच फेऱ्या म्हणजे अडीच मिनिटं.

चीज संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही उभे राहिले. आगुश्तीनबाब घामाघूम होऊन हसत होते. मग रीतीप्रमाणे ते एकेकाचं नाव घ्यायला वळले. पहिलं नाव नेहमी बाबांचं असे. हात लांब करून त्यांनी "क्लॅरिनेटार, भिकाजी—" इतकं म्हटलं.

त्यानंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे.

गावातले डॉक्टर दहा मिनिटांत आले. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "लगेच गेले असणार. कोणी काही करू शकलं नसतं." मी विचारलं, "लगेच म्हणजे?" ते म्हणाले, "लगेच म्हणजे लगेच, बाई." ते दयाळू गृहस्थ होते. त्यांनी मला, तुम्हाला कधी कळलं, असं विचारलं नाही. ते कुणीच विचारलं नाही.

आईला ज्यांनी सांगितलं त्यांनी खरं तेच सांगितलं: भिकाजी खुर्चीत गेले आणि बॅंड वाजत राहिला. आईनं ते वाक्य धरून ठेवलं. बाराव्या दिवसापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगत होती. "माझो माणूस मरान पडलो आणि ह्यो आगुश्तीन वाजवत ऱ्हवलो. बाजूक मरान पडलो, आणि ह्येका वळान बघूक झाला नाय." बायका माना हलवत. मी चहा देत असे. एकदा तिनं मला विचारलं, "तू तरी खंय होतंस?" आणि मी म्हटलं, "तिसऱ्या रांगेत." तिनं पुढे विचारलं नाही. तिच्या दृष्टीनं तिसरी रांग फार लांब होती.

आगुश्तीनबाब तेराव्याला आले. फाटकाशी उभे राहिले, आत आले नाहीत. मी बाहेर गेले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं,

"सुमंगलाबाय, भिकाजी केन्ना ओगी जालो?"

कधी गप्प झाला. मला वाटलं त्यांना वेळ हवी आहे. मी घड्याळाचं काहीतरी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"तशें न्हय. खंयचे फेरयेंत? चवथे? पांचवे? हांव कितलें वाजयत रावलों?"

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हटलं.

हे मी त्यांना पहिल्यांदा खोटं सांगितलं. त्यात विचार करण्याइतका वेळही गेला नाही.

पुढे कळलं की ते सगळ्यांना हेच विचारत हिंडत होते. कृष्णनाथ म्हणाले माझे डोळे मिटलेले. दादू म्हणाला माझी बोटं. सतीशला पाठ. कार्यक्रमाला आलेल्या माणसांच्या घरी जाऊन ते विचारायचे. लोक त्यांना चहा द्यायचे आणि सांगायचे, आम्हाला वाटलं दम घेतायत. पाचवीत असेल, कोणी म्हणे. कोणी म्हणे अगदी शेवटी, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. त्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. त्यांचे कान फार चांगले होते. बाबा थांबले ते त्यांनी ऐकलं होतं. पण आपण ऐकलं तो विसावा होता आणि मरण नंतर कधीतरी, विसाव्यातच आलं, की तो विसावा नव्हताच, एवढं त्यांना कुणाकडून तरी हवं होतं. विसाव्यात गेला असेल तर त्यांनी मित्राची जागा भरली होती. सूर तुटला तेव्हाच गेला असेल तर त्यांनी मित्राच्या मरणावर वाजवून टाळ्या घेतल्या होत्या. ते स्वतः मला असं म्हणाले.

हे जानेवारीत, त्यांच्या घरी. कृष्णनाथांनीच मला पाठवलं होतं. "तू सांग गो तेका," ते म्हणाले होते, "मंडळ बंद करूक निघालो हा. तुझा आयकतलो. तू भिकाजीचा चेडू." मी गेले. आगुश्तीनबाब मेजापाशी बसले होते, वही उघडून. सात नंबरचं पान. त्यावर पेन्सिलीच्या खुणा केलेल्या होत्या, पुसलेल्या, पुन्हा केलेल्या. ते बोटानं मेजावर ठेका धरत, ओठांतल्या ओठांत चाल म्हणत आणि एका जागी थांबून माझ्याकडे बघत.

"हांगा?"

इथं का, असं ते विचारत होते. मी वहीकडे बघत राहिले.

पुन्हा पुढे म्हणत, थांबत. "हांगा?"

तिसऱ्यांदा ते थांबले ती नेमकी तीच जागा होती. लांब सूर. तो बारीक होतो तिथं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, वहीत बघत राहिले. मला फक्त हो म्हणायचं होतं. मी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: तुला कसं ठाऊक? मी म्हटलं, "आगुश्तीनबाब, तुमचा काही दोष नाही. डॉक्टर म्हणाले, लगेच गेले."

"दोतोर थंय नाशिल्लो," ते म्हणाले, डॉक्टर तिथं नव्हताच, आणि त्यांनी वही मिटली.

परत जाताना बसमध्ये मी शब्द जुळवत होते. दर शनिवारी येताना जुळवायचे. म्हापशापर्यंत ते जुळत आणि डिचोलीला उतरले की पायऱ्यांवरच राहून जात. मी मुलांना निबंध शिकवणारी बाई. एक साधं वाक्य होतं, कर्ता, कर्म, क्रियापद, आणि ते मला कुणासमोर ठेवता येत नव्हतं. आईसमोर तर नाहीच. तिच्याजवळ रागवायला एक माणूस होता. तो काढून मी स्वतःला तिथं उभं करायचं, आणि मग दर शनिवारी त्या घरात यायचं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मंडळाची सभा ठेवली होती. वेळ चारचीच. विषय एकच, मंडळ बंद करणं. मी जाणार होते. निघताना आई नेसून ओसरीवर उभी होती. हातात क्लॅरिनेटची पेटी.

"ही मंडळाची वस्तू मा? मीच देवन येतंय."

"आये, लोक काय म्हणतले? अजून वर्ष नाय झाला."

"लोकांनी काय म्हणूचा ऱ्हवला हा?" ती म्हणाली आणि पायरी उतरली.

हॉलमध्ये वीसेक माणसं होती. आई आत आली तशी सगळी उठली, मग पुन्हा बसली. ती पुढच्या रांगेत बसली, पेटी मांडीवर. मी तिच्या शेजारी. त्या हॉलमध्ये ती पहिल्यांदाच येत होती. स्टेजकडे बघून तिनं हळूच विचारलं, "खंयची खुर्ची?" मी दाखवली. खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे मला फक्त जागा दाखवता आली.

आगुश्तीनबाब पुढे उभे राहिले. हातात कॉर्नेट नसल्यानं त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. कोंकणीत त्यांनी थोडक्यात सांगितलं. बॅंडचा पुढारी आपला माणूस कधी गेला हे जाणत नसेल तर त्याला पुढं उभं राहायचा अधिकार नाही. आपण वाजवणं सोडलं आहे. वाद्यं शाळेला द्यावीत.

कृष्णनाथ उठले. "तू सोडलंस म्हणून आमी कित्याक सोडूचा? भिकाजीक ह्या आवडला असता?"

"भिकाजीक कितें आवडटालें तें भिकाजी सांगूंक येना," आगुश्तीनबाब म्हणाले.

दादूनं काहीतरी म्हटलं, सतीश म्हणाला, "असं कसं हो मेस्त, आमी एवढ्या लांबनं येतो."

आई उठली. पेटी मेजावर ठेवली आणि तिथंच उभी राहिली. दोन महिने ती ज्याच्याबद्दल बोलत होती तो माणूस तिच्यापासून दोन हातांवर होता. मला वाटलं ती ओरडेल. तिचा आवाज अगदी बारीक निघाला.

"माका एकच सांगा. तुमका एकदाव मागे बघूचा वाटला नाय?"

"ना, यशोदाबाय."

"कितको येळ वाजवत ऱ्हवलात?"

आगुश्तीनबाबांनी मान खाली घातली. "तेंच म्हाका खबर ना. सगळ्यांक विचारलें. कोणाकूच खबर ना. सुमंगलाबायक लेगीत विचारलें."

दोघंही माझ्याकडे बघत नव्हती. आई पेटीकडे बघत होती, ते जमिनीकडे. बघितलं असतं तर कदाचित मी पुन्हा गप्प राहिले असते. मी उठले. पाय कुठला आधी टाकला ते आठवत नाही.

"चौथ्या फेरीत," मी म्हटलं.

आगुश्तीनबाबांनी डोकं वर केलं.

"चौथ्या फेरीच्या मध्यावर. तो लांब सूर बारीक झाला तिथं. तो विसावा नव्हता, आगुश्तीनबाब. त्यांचा हात खाली आला आणि क्लॅरिनेट जमिनीला लागलं. तुमची पाठ होती. तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं. मला समोरून दिसलं."

"बाय—" ते म्हणाले.

आई हळूहळू वळली. तिच्याकडे बघून मला शाळेतली भाषा बोलता येईना.

"आये, माका तेव्हाच कळला होता. सगळ्या हॉलात माका एकटेक कळला होता. मी उठलंय नाय. चीज संपासर मी थंयच बसान ऱ्हवलंय."